बॅटरीच्या झाकणावरचं कुंकू

कपड्यांना भोकं पडायला लागली ती अपघातानंतर बऱ्याच दिवसांनी. त्या वर्षी आमच्याकडं प्यायलाच पाणी नव्हतं, तेव्हा धुणं लांबत गेलेलं. शेवटी एकदा आईनं तिचं लुगडं, दादाचा सदरा, माझं पातळ, सगळं एका बादलीत खळबळून काढलं आणि दोरीवर टाकलं. वारा आला. लुगडं फुगलं आणि त्याच्यातून मला पलीकडची बाभळ दिसली, चाळणीतून दिसावी तशी. आई एकेक भोक बोटानं चाचपत राहिली. बोट लागलं की भोक मोठं व्हायचं. सूत पिठासारखं गळायचं.

“अजून संपलं न्हाई त्याचं,” ती म्हणाली.

त्याचं म्हणजे शनीचं. मला माहीत होतं ते कशाचं होतं. कापडावर उडालेलं ॲसिड गुपचूप बसून राहतं आणि पाणी लागलं की सूत सोडून देतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं ऐकलं आणि पुढचं भोक चाचपायला घेतलं.

आमच्या घरात जीपची बॅटरी फुटली आणि माझ्या थोरल्या भावाचे डोळे गेले. घडलं ते एवढंच. कुणामुळं, यावर मात्र एकमत नव्हतं. आई आणि सगळा गाव म्हणायचा, शनीनं नेले. मी भोंग्यावरून ओरडून सांगत होते, टँकरनं नेले. तिसरं कारण एका झाकणाच्या भोकात अडकून बसलं होतं. ते मला सापडलं, मी दादाला दाखवलं, आणि त्यानं मला बजावलं की हे आईला कळता कामा नये. कळलं तर ती जगायची नाही, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. वडील उत्तरेकडच्या एका साखर कारखान्यावर रखवालदार, सणावारी घरी यायचे. घर चालायचं ते दादाच्या जीपवर. मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप. तिच्यात तो पाथर्डी ते नगर सीटा भरायचा. आत मावतील तेवढी माणसं आत, उरलेली लोंबकळत. मी नगरला कॉलेजात होते, पण बाहत्तरच्या दुष्काळात कॉलेजपेक्षा खडीच्या कामांवर जास्त असायचे. आम्हा पोरापोरींचा एक गट होता. उन्हात खडी फोडणाऱ्या बायांना वेळेवर पगार, प्यायला पाणी आणि तान्ह्या पोरांना सावली मिळावी, एवढ्या साध्या गोष्टींसाठी आम्ही पत्रकं काढायचो, कचेरीवर जायचो. सभेच्या दिवशी दादाच्या जीपवर भोंगा बांधायचा. भोंगा बोलायचा तो जीपच्या बॅटरीवर.

आम्हाला पत्रक लिहायला शिकवणारा एक वडीलधारा कार्यकर्ता म्हणायचा, पत्रकात आरोपी एकच ठेवा. दोन ठेवले की दोघंही सुटतात. मी ते मनावर घेतलं होतं. माझ्या पत्रकांत आरोपी कधी सुटला नाही.

दुष्काळात उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जायला लागल्या. म्हणून दादा शेवटची फेरी झाली की बॅटरी काढून घरात आणायचा आणि सकाळी परत बसवायचा. पण घरात ठेवायची कुठं? खोल्या दोन. एकीत चूल. दुसरीत देव, कणग्या, आमची अंथरुणं आणि खुंटीला टांगलेला भोंगा. आईनं लगेच ठरवलं, देवापुढं, पाटावर. आमच्याकडं नवं धान्य आधी देवापुढं जातं, नवा कोयता जातो, पोरांची पुस्तकं जातात. मग जिच्यावर घर चालतं ती वस्तू काय चुलीशी ठेवायची? कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

पण देवघरात जे बसतं त्याची पूजा होते. आई सकाळी आंघोळ करून देवांना कुंकू लावायची आणि त्याच हातानं बॅटरीला. बॅटरीला सहा झाकणं असतात, एका ओळीत. सहा सवाष्णी पाटावर बसाव्यात तशी. प्रत्येकीच्या कपाळाच्या मधोमध ओल्या कुंकवाचं एक बोट. आता झाकणाच्या मधोमधच एक बारीक भोक असतं. आतला वायू तिथून थोडा थोडा बाहेर पडत राहतो, म्हणून बॅटरी शांत असते. आईचं बोट रोज नेमकं तिथं टेकायचं.

समोरची काकू चेष्टा करायची. “तुमच्यात नवा देव बसवलाय म्हनं. नवसाला पावतो का?”

“पावतो की,” आई म्हणायची. “तुज्या पोराच्या गाडीवानी ढकलावं लागत न्हाई आमाला.”

तो शनिवार होता. दादा दिवेलागणीला परत आला. गाडीचं कटआऊट बिघडलं होतं, म्हणजे चालू गाडी बॅटरीत करंट भरतच राहायची, थांबायची नाही. बॅटरी दिवसभर उकळत आली होती. तो ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून दारात आला तेव्हा आई उंबऱ्यात उभी.

“आज शनिवार हाय. लोखंड घरात आनू नगं.”

“आये, ह्याच्यात लोखंड कमी अन् शिसं जास्त. शिशाला वार नसतो.”

“तोंड लई चालतं तुजं.”

“चालू दे. गाडी चालंना तर तोंड तरी चालू दे.”

त्यानं बॅटरी पाटावर ठेवली. समई आईनं आधीच लावली होती. मी दाराशी बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. दादा खाली बसला, झाकणावर पंजा ठेवून म्हणाला, “अजून गरम हाय. पानी कमी झालं असंल.” आणि शेवटचं झाकण फिरवून काढायला लागला.

आवाज मोठा नव्हता. ओलं फडकं फरशीवर आपटावं तेवढाच. समई विझली. घरभर आंबट वास पसरला, घशात बसणारा. दादा उभा होता, दोन्ही हात तोंडापासून लांब धरून, आणि अगदी हळू बोलला. “पानी वत. आये, पानी. लई वत.”

आईनं कळशी उपडी केली. कळशीत तळाला होतं तेवढंच. मग देवाच्या तांब्यातलं ओतलं. मग ताम्हनात सकाळच्या पूजेचं तीर्थ होतं, तेही त्याच्या डोळ्यांवर ओतलं. संपलं. टँकर येऊन आठवडा होत आला होता. आमच्या वाट्याचा टँकर कुठल्या बड्या माणसाच्या मोसंबीच्या बागेत रिकामा होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी कळशी घेऊन घरोघर पळाले. लोकांनी दिलं. नाही कुणी म्हणालं नाही. कुणी तांब्या, कुणी अर्धा तांब्या. काकूनं म्हशीसाठी राखलेला हंडा उचलून आणला, तिच्या घरातला शेवटचा. पण एक तांब्या संपून दुसरा येईपर्यंत वेळ जायचा, आणि त्या वेळात दादा नुसता उभा असायचा, हनुवटीवरून पाणी गळत, पुढच्या तांब्याची वाट बघत. ती शांतता मला अजून ऐकू येते. नळ सोडला आणि मध्येच हवा लागून धार थांबली, तर मी आजही जागेवर थिजते.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लगेच धो धो पाणी घातलं असतं तर एखादा डोळा वाचला असता. डावा गेलाच. उजव्याला उजेड कुठं आणि अंधार कुठं, एवढंच कळत राहिलं.

धो धो. मी तो शब्द तसाच उचलून पत्रकात घातला. लाल कागद, वर मोठ्या अक्षरात ‘डोळे शनीनं नेले नाहीत, टँकरनं नेले’. त्यातला एकही शब्द मी आज मागं घेत नाही. बागेत गेलेल्या पाण्याचा हिशेब कुणीतरी द्यायलाच हवा होता. दिला नाही तो नाहीच.

घरात मात्र माझं पत्रक कुणाला पटलं नाही. देवांच्या पितळी टाकांवर ॲसिडचे थेंब उडाले होते, तिथं खड्डे पडले. “देवास्नीच देवी आल्या की गं,” काकू बोलून गेली. एरवी आई यावर हसली असती. ती उठून आत गेली. तिनं देवापुढं समई लावणं सोडलं. दिवेलागणीला एक पणती बाहेर तुळशीपाशी लावायची, आणि आत अंधार. त्या अंधारात बिनधास्त वावरणारा एकटा दादा. आम्ही दोघी चाचपडायचो.

जमेल त्या शनिवारी ती तेल घेऊन एस.टी.नं शिंगणापूरला जायची. रात्रीपर्यंत परतायची, हाताला तेलाचा वास. एकदा आल्या आल्या म्हणाली, “तिथं घरास्नी दारं न्हाईत, तरी कुनाचं काय जात न्हाई. आमच्या घराला दार हाय, कडी हाय, अन् बघ.”

मी तडकले. “शनीला तुझं तेल कशाला लागतं? तो काय भजी तळतो का तिथं?”

“तू गप. तुजा भोंगा भाईर वाजव.”

त्या उन्हाळ्यातल्या दोन गोष्टींनी मला झोप लागू दिली नाही. एक दादाची. त्याची फेरी संपायची वेळ झाली की तो उठायचा, भिंतीच्या कडेनं अंगणात उभ्या जीपपर्यंत जायचा, बॉनेट उघडायचा. आत बॅटरी नव्हती. तरी त्याचे हात चालायचे. एक बोल्ट ढिला करायचा, तार बाजूला वाकवायची, दुसरा बोल्ट ढिला करायचा, मग दोन्ही हात खाली घालून काहीतरी जड उचलायचं. ते पोटाशी धरून तो चार पावलं यायचा आणि थांबायचा.

“काय करतोस रे दादा?”

“काय न्हाई. हात इसरतील म्हनून.”

दुसरी आईची. पहाटे मला खरडण्याचा आवाज यायचा. ती काठी घेऊन कणग्यांच्या मागं, पाटाखाली, भिंतीच्या सांदीत काहीतरी उकरत असायची. विचारलं की म्हणायची, “उंदीर हायत.”

“कणगीत दाणा नाही. उंदीर काय माझं भाषण ऐकायला येतात?”

“येत असतील. लांबतं तुजं.”

असं बोलायची आणि काठी भिंतीला टेकवून चुलीकडं जायची. दुसऱ्या दिवशी पहाटे परत खर्र, खर्र. मला वाटायचं, डोकं फिरायला लागलं हिचं. मी कूस बदलून पडून राहायचे.

मग एक सभा ठरली, भोंग्यासाठी दुसऱ्या एका गाडीची बॅटरी उसनी मिळाली. अपघातानंतर भोंगा खुंटीवरून निघालाच नव्हता. मी तो उतरवला, तोंड खाली केलं, आणि आतून काहीतरी घरंगळत आलं आणि माझ्या पायाशी पडलं. बॅटरीचं झाकण. दादाच्या हातातून उडालेलं ते हे झाकण, तिरपं जाऊन भोंग्याच्या तोंडात शिरलं होतं. मी ते दारातल्या उजेडात धरलं. मधल्या भोकातून उजेड यायला हवा होता. आला नाही. कुंकवाचे थरावर थर बसून त्याचा दगड झाला होता.

मी शिकलेली होते, विज्ञानाच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगायचे. मला कळायला वेळ लागला नाही. सहाही भोकं बुजलेली. दिवसभर उकळलेल्या बॅटरीचा वायू आत कोंडलेला. दादानं झाकण फिरवलं आणि तो सगळा एकदम बाहेर आला, हातभर अंतरावरच्या समईकडं.

दादा जीपच्या मडगार्डवर बसला होता. मी झाकण त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं अंगठ्यानं ते फिरवलं, आटे मोजल्यासारखे चाचपले, मग नख भोकात घालायला गेला. नख शिरेना. त्यानं बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

“कुठं घावलं?”

“भोंग्यात.”

“आन् कुनाला दावलंस?”

“कुणाला नाही.”

“मग दावू बी नगंस. तिला तर न्हाईच.”

“म्हणजे तिनं जन्मभर शनीला तेल घालायचं? दादा, मी गावोगाव सांगत फिरते की खरं ते बोला—”

“तर बोल की. टँकर खोटा हाय का? न्हाई. तू टँकर म्हन. तिला शनी म्हनू दे. दोगांत भागतंय ते.”

“आणि हे?”

त्यानं झाकण माझ्याकडं धरलं. माझ्याकडं म्हणजे मी होते त्याच्या थोडं डावीकडं. “हे डब्यात ठिव. माजे गेले ते गेले. तिचे हात तरी ऱ्हाऊ देत.”

मी ते माझ्या शाईच्या जुन्या डब्यात ठेवलं. सभेत बोलले, टँकरवर बोलले, टाळ्या पडल्या. पण त्या दिवसापासून आई भाकरी थापताना तिच्या बोटांकडं माझी नजर जायची, आणि मी ती वळवायचे. ज्या गोष्टी छापता येत नाहीत त्यांचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या साली पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं. जीप पुन्हा रस्त्यावर काढायचं ठरलं, शेजारच्या वाडीतला एक ड्रायव्हर यायला कबूल झाला. फुटकी बॅटरी मोडीत देऊन नवी आणायची होती. तिचं कलेवर गोठ्यात पोत्याखाली होतं. मी पोतं बाजूला केलं. वरचा भाग तडकलेला, पण पाच झाकणं आपापल्या जागी होती. पाचही भोकं साफ. कुंकवाचा डाग नाही. मी दादाला म्हटलं, बरं झालं, ॲसिडनं धुऊन निघाली, आता मोडीवाला काही विचारायचा नाही. तोही म्हणाला, बरं झालं.

नवी बॅटरी आली. ड्रायव्हर परका होता, म्हणून बॅटरी काढणं-घालणं घरच्याच माणसानं करायचं, असं दादाचं म्हणणं. घरचं माणूस म्हणजे मी. तो बॉनेटला टेकून उभा राहिला आणि मला शिकवायला लागला. मी आधी एक गोष्ट केली. भरलेली कळशी आणि तांब्या आणून जीपच्या चाकाशी ठेवला.

“ह्ये कशाला?” त्यानं आवाजावरून ओळखलं.

“आधी पाणी. मग बाकीचं.”

त्यानं वाकून कळशीचा काठ चाचपला. मग म्हणाला, “बरं. अंगठी काढ. घड्याळ हाय हाताला? ते बी काढ. किल्ली बंद हाय का बघ. दिवे बंद हायत का बघ. आता पान्याला फडकं गुंडाळ, फकस्त त्वांड उघडं ठिव.”

“गुंडाळलं.”

“दोन तारा हायत. एक गाडीच्या लोखंडी अंगाला बोल्टानं बांधलीय, ती अर्थिंगची. ती आधी सोडायची. नेहमी तीच आधी.”

“का?”

“सगळी गाडी तिला जोडलेली हाय. ती असताना दुसरी सोडाया गेलीस अन् पाना नुसता बॉडीला टेकला तरी ठिनगी पडंल. ती एकदा सुटली की मग गाडी मुकी. मग दुसरी सोड, काय बी होत न्हाई.”

मी बोल्ट ढिला केला. तार हातात आली. ती सोडली तर आपसूक परत टर्मिनलवर जाऊन टेकत होती.

“टेकू दिऊ नगंस. वाकवून लांब कर, फडकं घाल तिच्यावर. हां. आता दुसरी. त्वांड बॅटरीवर वाकवू नगंस, बाजूला ठिव. पत्रक वाचल्यावानी काय नाक घालतीस?”

“तुला काय दिसतं रे माझं नाक?”

“न्हाई दिसत. पर तू घातलंच असशील.”

घातलंच होतं. मी मागं सरले. मग त्यानं उचलायचं शिकवलं, तिरपी न करता, अंगापासून किंचित लांब. ठेवायची ओसरीवर, वारं खेळतं तिथं. जवळ चूल नको, दिवा नको, कुणी बिडी ओढत नको. गाडी नुकतीच थांबली असेल तर बॅटरीला आधी घटकाभर वारं खाऊ द्यायचं, मगच पाना लावायचा. टर्मिनलवर पांढरं साचलं तर सोड्याच्या पाण्यानं पुसायचं, पण झाकणं घट्ट बसवून. आणि परत जोडताना उलटं. आधी ती दुसरी तार, आणि अर्थिंगची अगदी शेवटी.

“भोकांचं नाही सांगितलंस,” मी हळूच म्हटलं.

“ते तुला ठावं हाय,” तो म्हणाला, आणि मान घराच्या दाराकडं वळवली. आई दारात उभी होती. केव्हापासून, मला माहीत नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, पाभर, आणि ज्याच्याकडं गाडी त्याची गाडी. मी आदल्या दिवसापासून घाबरलेली. आई ताट घेऊन येणार. कुंकू, हळद, निरांजन. बॅटरी तिच्यापुढं असणार. तिला अडवायचं तर काय सांगून अडवायचं? झाकणाला कुंकू लावू नकोस म्हटलं की ती विचारणार, का? आणि मला खोटं बोलता येत नाही, निदान चांगलं येत नाही. मी शेवटी ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. शाईचा डबा मी पदराखाली घेऊनच अंगणात आले.

सकाळचं ऊन होतं. मी बॅटरी ओसरीवरून आणून जीपमध्ये बसवली, दुसरी तार जोडली. अर्थिंगची राहिली होती. तेवढ्यात बांगड्या वाजल्या आणि दादाचा हात मडगार्डवर घट्ट झाला. आई ताट घेऊन आली. ताटात निरांजन होतं, पण वात पेटवलेली नव्हती.

“आये,” दादा म्हणाला, “टायरला कुंकू लाव की आधी. टायर लई दमलेत.”

“लावीन. सर जरा.”

तिनं ताट मडगार्डवर ठेवलं. मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टीपिन काढली, उघडली, आणि बॅटरीवर वाकली. पहिल्या झाकणाच्या भोकात पिन घालून फिरवली. काढली, पदराला पुसली. दुसऱ्यात घातली. फिरवली. पुसली. नव्या बॅटरीची भोकं उघडीच होती, तिथं साफ करण्यासारखं काही नव्हतं. तरी तिनं सहाही केली, ओळीनं, घाई न करता. हात सरावलेला होता. हे काम तिनं आधी केलेलं होतं. गोठ्यातली ती पाच झाकणं ॲसिडनं धुतलीच नव्हती.

मी चाकाशी खाली बसले.

“काय करतीस गं आये?” दादानं विचारलं. त्याला पिनेचा बारीक आवाज ऐकू येत होता. त्याला कळलं होतं.

“काय न्हाई. पूजा.”

मग तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि बॅटरीच्या खालच्या लोखंडी चौकटीला लावलं. झाकणांना नाही. बोट पुसलं. आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला.

“सहावं तुज्याकडं हाय न्हवं? सगळं घर उकरलं मी. घावलं न्हाई.”

मी डबा उघडून जुनं झाकण तिच्या हातावर ठेवलं. मला म्हणायचं होतं, आई, टँकर आला असता तर. मी ते म्हटलंही. “टँकर आला असता तर, आई—”

“व्हय,” ती म्हणाली. “तू बोलतीस ते खरंच हाय. बोलत ऱ्हा.”

ती पिन घेऊन जुन्या झाकणातलं कुंकू कोरायला लागली. ऊन तिच्या मनगटावर होतं. ॲसिडनं आणि वर्षानं ते इतकं धरलं होतं की पिनेचं टोक वाकलं. तिनं पिन उलटी केली आणि परत लागली. काळपट लाल भुगा कणाकणानं तिच्या मांडीवर पडत होता.

“ऱ्हाऊ दे, आये,” दादा म्हणाला.

“निगंल.”

“ऱ्हाऊ दे म्हनतो ना.” त्यानं हात पुढं करून हवेत शोधला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा त्याला तिचं मनगट सापडलं, आणि त्यानं ते धरून ठेवलं.

ड्रायव्हर फाटकाशी येऊन उभा राहिला होता. पाथर्डीच्या सीटा खोळंबल्या होत्या. दादा मान न वळवता मला म्हणाला, “तायडे, अर्थिंग लाव.”

मी उठले, पान्याला फडकं गुंडाळलं, तार टर्मिनलवर बसवून बोल्ट आवळला. बसता बसता एक बारीकशी निळी ठिणगी पडली, केसाएवढी. आम्ही दोघी दचकलो. दादाला दिसली नाही. त्याच्या हातातलं मनगट दचकलं, तेवढं त्याला कळलं असेल.

आई त्यानंतरही शिंगणापूरला जात राहिली. मी तिला परत कधी भज्यांवरून बोलले नाही. जाताना ती ते झाकण कनवटीला लावून न्यायची आणि परत आणायची, तिथं ठेवून कधी आली नाही.